खिडकी कुठे काढायची

सौदीतल्या हफ्र अल बातिनमधल्या आमच्या इमारतीत एसी दुरुस्त करायला येतो तो माणूस श्रीवर्धनकडचा. वयाने माझ्याहून थोडा लहान, मला भाई म्हणतो. चार स्क्रूंच्या जागी तो तीनच बसवतो. जाळी धुवायची सोडून नुसती झटकतो. मी बोट दाखवलं की म्हणतो, "भाई, थंड हवा येते ना? खलास." चिडत नाही, ओशाळतही नाही. त्याला काम येत नाही असं नाही. नवीन आला तेव्हा त्याने बसवलेला बैठकीतला एसी अजून कुरकुरलेला नाही.

गेल्या आठवड्यात तो शिडीवर असताना त्याच्या बायकोचा व्हिडिओ कॉल आला. गावी त्याचं घर बांधायला घेतलंय आणि गवंडी खोळंबला होता.

"स्वयंपाकघराची खिडकी समुद्राकडे काढू की विहिरीकडे?" तिने फोन फिरवून दोन्ही बाजू दाखवल्या. त्याने मान वळवली नाही.

"काढ कुठेही."

"अहो, घर तुमचं आहे."

"भिंत उभी राहते ना? मग झालं."

त्याने फोन बंद केला. मला राहवलं नाही. "अरे, समुद्राकडे सांगायची. वारा आला असता."

"भाई, दोन वर्षांत महिनाभर जातो मी. पाहुण्याने खिडकी कशाला सांगायची?"

चिपळूणला माझंही घर बांधून झालंय. त्याचे चौरस फूट मला तोंडपाठ आहेत. त्याच्या खिडक्यांतून काय दिसतं, ते मात्र आठवेना.