एका कानाने निवडलेली जोडी

माझ्या धाकट्या लेकीला उजव्या कानाने ऐकू येत नाही. ती शाळेत जायला लागली त्याच वर्षी तिला गालगुंड झालं. ताप उतरला, पण जाताना तो कान घेऊन गेला. तेव्हापासून मी तिच्या उजव्या बाजूने चालते, रस्त्यात, दवाखान्यात, लग्नाच्या हॉलमध्येसुद्धा. ती वैतागते. म्हणते, "आई, तू माणूस आहेस की कंपाउंडची भिंत?"

अशा मुलीने नोकरी कुठे धरावी? तर भारी किमतीचे स्पीकर विकणाऱ्या दुकानात. काउंटरवर बसून हेडफोन आणि वायरी विकायच्या. तिला मात्र हवं होतं ते दुसरं काम. गिऱ्हाइकाच्या घरी जायचं, दिवाणखाना बघायचा आणि त्या खोलीला साजेशी स्पीकरची जोडी निवडून द्यायची. त्यासाठी लागणारं सगळं ती वाचून बसली होती. मालक हसून टाळायचे. "स्टिरिओ म्हणजे दोन कानांचं काम, बाळा. तू आपली काउंटर सांभाळ."

मग घरोघर जाणारा माणूस अचानक नोकरी सोडून गेला, आणि नेमकं तेव्हाच एक बडं गिऱ्हाईक घाई करू लागलं. मालकांचा नाइलाज झाला. "जा. पण जोडी परत आली, तर हा विषय पुन्हा काढायचा नाही."

स्कूटर मी तिला चालवू देत नाही, त्यामुळे कारने तिला मीच घेऊन गेले. गाडीतच बसून राहणार होते, पण घरच्या बाईंनी गॅलरीतून पाहिलं आणि हाका मारून वर बोलावलं.

दिवाणखाना कसला, मैदानच ते. खाली गुळगुळीत संगमरवर, एक अख्खी भिंत काचेची, सोफा मागच्या भिंतीला टेकवलेला. दुकानाच्या टेम्पोने तीन जोड्या आधीच आणून ठेवल्या होत्या. एक माणसाएवढी उंच, एक सडपातळ आणि एक स्टँडवर ठेवायची बुटकी. घरमालक बिल्डर होते. त्यांनी उंच जोडीच्या पाठीवर थाप मारली.

"हीच घ्यायची. एवढ्या खोलीत ते बुटके डबे ठेवले तर लोक विचारतील, बाकीचा माल कधी येणार?"

लेक कोणाचंही बोलणं डावा कान पुढे करून ऐकते. त्यांच्या ते लक्षात आलं. "कानाला काही झालंय का?"

"उजवा बंद आहे, काका. लहानपणापासून."

मी चहाच्या कपात बघत बसले.

"म्हणजे तुमच्या मालकाने अर्धंच माणूस पाठवलं म्हणायचं!"

"अहो!" बाई ओरडल्या.

"अर्धं नाही, काका," लेक म्हणाली. "पण सुरुवात आपण अर्ध्या स्टिरिओनेच करू." आणि तिने एका स्पीकरची वायर काढून टाकली.

तिने गाणं लावलंच नाही. एक माणूस साधं काहीतरी वाचतोय, ते रेकॉर्डिंग लावलं. "गाण्यात बरंच खपून जातं. माणसाचं बोलणं आपण रोज ऐकतो, त्यातली खोट लगेच कळते. आणि ऐकायचं एकेकट्या स्पीकरला. दोघे असले की जावांसारखे एकमेकांवर पांघरूण घालतात."

"आमच्याकडे नाही हो घालत," बाई म्हणाल्या.

उंच स्पीकरमधून तो माणूस पाण्याच्या टाकीत उतरून बोलल्यासारखा वाटला. सडपातळमधून त्याचा प्रत्येक 'स' शिट्टी मारत होता. बुटक्या स्पीकरवर मात्र तो सरळ खोलीत येऊन बसला. बिल्डरनी डब्याकडे दोनदा वळून पाहिलं.

"अजून थोडं घुमतंय," लेक म्हणाली. "सोफा पुढे घ्यावा लागेल."

"सोफा? तो इंटिरिअरवाल्याने ठरवलाय."

"त्यांनी बघण्यासाठी ठरवलाय. ऐकायला बसायचं तर भिंत सोडायला हवी, भिंतीशी जाड आवाज साचतो."

बाईंनी तोवर सोफ्याचं एक टोक धरलंसुद्धा होतं. "बघत काय बसलात? उचला!" मग आतल्या खोलीतला गालिचा आला, काचेवर पडदे ओढले गेले. लेकीने एक टाळी वाजवली. आल्याआल्या तिने वाजवलेली टाळी काचेवरून फटकन परत आली होती. आता ती जागच्या जागी विरली.

मग तिने दोन्ही स्पीकर जोडले आणि मी कप खाली ठेवला. दोन कानांनी ऐकणाऱ्याला गाणारी बाई दोन स्पीकरच्या मधल्या मोकळ्या जागेत उभी असल्यासारखी वाटते. लेकीने हे फक्त पुस्तकात वाचलंय. तिला ते कधीच ऐकू येणार नाही.

गाणं सुरू झालं. "गाणारी डावीकडे आहे," बिल्डर म्हणाले.

"काहीतरीच! उजवीकडे आहे," बाई म्हणाल्या. दोघं सोफ्याच्या दोन टोकांना बसले होते.

"मध्ये बसायला हवं. कोण बसतंय?"

"मी!" दोघं एकदम म्हणाले, आणि तिथेच जुंपली.

लेकीने माझ्याकडे पाहिलं. "आई, तू बस."

"मी? मला यातलं काय कळतं?"

"काही कळायला नकोच आहे. डोळे मीट आणि ती जिथे उभी वाटेल तिथे बोट दाखव."

मी डोळे मिटले आणि बोट दाखवलं. डावीकडे, कुंडीच्या जवळ. स्टँड सरकल्याचा आवाज आला. गाणारी बाई थोडी इकडे आली. मी बोट हलवलं. पुन्हा स्टँड सरकला. आता ती जरा जास्तच उजवीकडे गेली. मी बोट हलवलं. असं किती वेळ चाललं कोण जाणे. आणि मग एकदम ती समोर येऊन उभी राहिली! ओळ सुरू करण्याआधी तिने घेतलेला श्वाससुद्धा मला ऐकू आला. माझं बोट हलेना.

डोळे उघडले तर त्याच जागी, बोटाच्या नेमकी समोर, माझी लेक उभी होती. दोन्ही स्पीकरच्या मधोमध.

"जोडी लागली?"

"लागली गं!"

बिल्डरनी मला जवळजवळ उठवलंच. मधोमध बसले आणि डोळे मिटले.

"आता मी," बाई म्हणाल्या.

"थांब, कडवं संपू दे."

कडवं संपलं तरी ते उठले नाहीत. एवढंच म्हणाले, "ते उंचवाले नुसते शोभेला ठेवले तर?"

"नको, काका. इथला आवाज त्यांच्या पोटात जाऊन घुमेल."

"बरं, घेऊन जा मग."

तिने तिथूनच मालकांना फोन लावला. फोन नेहमीप्रमाणे डाव्या कानाला होता, तरी मालकांचा चढा आवाज मला ऐकू येत होता. "बुटकी? उंच का नाही? गिऱ्हाईक नाराज आहे का?"

बिल्डरनी हात पुढे करून फोन घेतला. "नाराज कशाला होऊ? माझ्या भावाचं घर तयार होतंय. तिकडे हिलाच पाठवा. दुसरा कोणी आला तर दार उघडणार नाही."

फोन परत लेकीकडे आला. मग मालक म्हणाले, "उद्यापासून काउंटरवर दुसऱ्या कोणाला बसवतो."

"हो, सर," ती म्हणाली. फोन खिशात टाकला, सरळ जाऊन आवाज वाढवला. चांगला दणदणीत वाढवला. कुणीही तिला कमी कर म्हटलं नाही.