नरक्याची साल

मला कुणी काही विचारलं की पूर्ण तास घेतल्याशिवाय राहवत नाही. बत्तीस वर्षं हायस्कुलात विज्ञान शिकवल्यावर ही खोड जडली आणि निवृत्तीनंतर ती घरच्यांच्या वाट्याला आली. त्या दिवशीही गोव्याहून वेंगुर्ल्याला परतताना मी गाडीत तास घेतला. विद्यार्थी दोनच होते: गाडी चालवणारा माझा थोरला भाऊ आणि मागे उशीला टेकून बसलेली वहिनी.

वहिनीच्या स्तनाचा कॅन्सर उलटून आला होता. आधीची औषधं लागू पडेनात, म्हणून तिथल्या डॉक्टरीणबाईंनी नवं औषध सुरू केलं. दर तीन आठवड्यांनी सलाईनमधून द्यायचं. त्यात आहे तरी काय, असं मी विचारलं, तेव्हा बाई म्हणाल्या, "खरं सांगायचं तर विष आहे. त्याचं मूळ तुमच्या घाटातल्या एका झाडात सापडतं."

झाड म्हणजे नरक्या. आंबोलीच्या रानातलं, साल सोलली की घाण वास मारणारं. ती साल चोरून नेतात म्हणून वनखात्याची माणसं मागे लागतात, एवढं आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. पण तिच्यातल्या विषावरून माणसांनी औषध घडवलं आणि ते आपल्याच वहिनीच्या शिरेत चाललंय, हे कळल्यावर माझी छाती फुगली. गोव्याच्या हद्दीवरच्या बांद्यापासून घरापर्यंत मी नरक्याचं कौतुक केलं. दादा नुसतं "हूं, हूं" करत होता. एकदाच त्याने विचारलं, "म्हणजे तां झाड आपलाच मां?"

"आपलाच तर!" मी म्हटलं.

पुढचं मी सांगितलं, पण घाईत. औषधात विष एकटं नसतं. त्याला एक वाटाड्या बांधलेला असतो, तो कॅन्सरच्या पेशी ओळखतो आणि विष बहुतेक तिथेच नेऊन सोडतो. वाटाड्या काढून घेतला तर ते विष समोर येईल त्याला मारत सुटेल. हे नीट समजावणार, तोच घर आलं आणि वहिनीला उलटी झाली. धडा तिथेच राहिला.

आता आमच्या बाबांविषयी सांगायला हवं. ते काविळीवर झाडपाला द्यायचे. लांबलांबून माणसं यायची. त्यांचे दोन नेम होते. पहिला, कुठलंही औषध रोग्याला देण्याआधी आपण प्यायचं, दोन दिवस बघायचं, मगच द्यायचं. दुसरा, झाडाचं नाव कुणाला सांगायचं नाही, सांगितलं की गुण जातो. मी या दुसऱ्या नेमाची टिंगल करत मोठी झाले. दादाने कधी केली नाही.

दादा एस.टी.त ड्रायव्हर होता. आंबोली घाटात उभा जन्म गेला, त्यामुळे तिथे त्याच्या ओळखी पुष्कळ. आठवड्याने तो "वाईच जाऊन येतंय" म्हणून गेला आणि संध्याकाळी परतला. दुसऱ्या दिवशी परसातल्या चुलीवर मडकं चढलं. वहिनीने नाकाला पदर लावून विचारलं, तर म्हणाला, "काय नाय, माडांक घालूचा औषध." मी शेजारच्याच घरात राहते. मलाही वास आला होता. मी खिडकी लावून घेतली, याची लाज अजून वाटते.

तिसऱ्या दिवशी दादा आडवा झाला. आधी उलट्या, मग जुलाब, असे की उठता येईना. दवाखान्यात नेलं, सलाईन लावलं. तरुण डॉक्टरने रक्त तपासलं आणि त्याचा चेहराच बदलला. पांढऱ्या पेशी खाली आल्या होत्या. "काय खाल्लंत? काही औषध घेतलंत?"

"बांगडो बाधलो," दादा म्हणाला.

"बांगडो आमी सगळ्यांनी खाल्लो," वहिनी म्हणाली. डोक्याला स्कार्फ, तोंडाला मास्क, अंगात त्राण नाही, तरी ती त्याच्या खाटेशी स्टुलावर बसून होती.

डॉक्टर दोनदा विचारून गेला. काय पोटात गेलंय ते कळलं तर उपचार नीट करता येईल, नाहीतर हे प्रकरण हाताबाहेर जाईल, असं त्याने मला बाहेर बोलावून स्पष्ट सांगितलं. मी आत आले ती तणतणतच. "मिठाची गुळणी धरलंस काय रे तोंडात? मरूचा आसा तुका?"

दादाने भिंतीकडे तोंड फिरवलं. मला तो हट्ट वाटला. मला वाटायचंच, मी लहानपणापासून त्याला हट्टी म्हणत आले. पण वहिनीला तो कळला. पंचेचाळीस वर्षांचा संसार.

"तू गप रव गो," ती मला म्हणाली. मग वाकून तिने त्याचा हात धरला. "माझ्यासाठी उकळलास मां? म्हणान सांगणास नाय?"

त्याने तोंड तिच्याकडे वळवलं.

"सांगा. गुण गेलो तर जांवदे. तुमी रवा."

दादा रडला. बाबा गेले तेव्हाही मी त्याला रडताना बघितलं नव्हतं. मग हळूच मला म्हणाला, "नरक्या. तिका अजून दिवक नाय. आधी आपण घेवचा, बाबांचो नेम."

मी धावत जाऊन डॉक्टरला नाव सांगितलं. सांगताना माझाच आवाज कानात वाजत होता, गाडीतला, ऐटीतला. त्या अडाण्याला नावं ठेवायला माझी जीभ वळेना. अर्धवट धडा देऊन ते झाड मीच त्याच्या हाती दिलं होतं. आणि ज्या नेमाला मी जन्मभर हसले, त्यातल्या पहिल्यामुळेच तो काढा वहिनीच्या ओठापर्यंत पोचला नव्हता. तिची ती अवस्था, एक पेला पुरला असता.

दादाला नऊ दिवस ठेवून घेतलं. मडकं आणि साल मी डॉक्टरच्या सांगण्यावरून पिशवीत बांधून दिली. वहिनीचं पुढचं सलाईन चुकू नये म्हणून त्या वेळी तिला गोव्याला मीच घेऊन गेले. वाटेत एक अक्षर बोलले नाही.

परत दवाखान्यात आले तेव्हा दादा खाटेवर बसून पेज पीत होता. गालफडं बसलेली. वहिनी दारात डॉक्टरशी बोलत होती, तेवढ्यात त्याने मला जवळ बोलावलं आणि ती ऐकणार नाही अशा बेताने विचारलं, "मी नाव सांगलंय. आता तिका गुण येतलो मां?"

कुठलाही दावा पुराव्याशिवाय करायचा नाही, हे मी हजारो पोरांना छडी दाखवून शिकवलंय.

"येतलो," मी म्हटलं. डॉक्टरीणबाईंनी मला तसं काहीही सांगितलेलं नव्हतं.