बनियनवरच्या एका ओळीची शिक्षा

आमच्या फुटबॉल मंडळाच्या शिस्त समितीत आम्ही तिघं. रेल्वेतून निवृत्त झाल्यावर घरी माझं कोणी ऐकेना, म्हणून इतरांना शिस्त लावायला मी तिथं गेलो.

त्या वर्षी आमच्या जुन्या प्रशिक्षकांना, म्हणजे सगळ्यांच्या सरांना, जन्माचे खोटे दाखले केल्याबद्दल कैद झाली. थोराड पोरांना ते लहान गटात खेळवायचे. त्यांच्या तेरा वर्षांखालच्या संघातले दोघं सामन्याआधी दाढी करून यायचे. आम्हाला दिसत नव्हतं असं नाही. पण करंडक येत होते, आणि दुभत्या गाईच्या लाथा गोड.

शिक्षा झाल्याबरोबर मंडळाला नीतिमत्ता सुचली. परिपत्रक निघालं: दोषी ठरलेल्या माणसाचं मैदानावर कोणी समर्थन करू नये. मसुदा माझाच, आणि मला त्याचा अभिमानही होता.

उपांत्य सामना जिंकल्यावर आमच्या गोलकीपरनं जर्सी वर केली. हा सरांच्याच हाताखाली तयार झालेला, आता मकरपुऱ्यात कारखान्यात नोकरीला. आतल्या बनियनवर मार्करनं लिहिलं होतं, ‘सर, आम्ही तुमचेच.’

अध्यक्ष गुजराती, त्यांना मराठी वाचता येत नसे. त्यांनी मला विचारलं, “आमां शुं लख्युं छे?” म्हणजे, यात काय लिहिलंय?

साबणाची जाहिरात आहे म्हणावं, असं क्षणभर मनात आलं. पण मी शब्दन् शब्द उलगडून सांगितला. एका सामन्याची बंदी झाली, आणि उरला होता फक्त अंतिम सामना. गोलकीपरच्या आयुष्यातला पहिलाच. “सरांनी केलं ते बरोबर, असं मी कुठं लिहिलंय?” त्यानं विचारलं. मी परिपत्रकावर बोट ठेवलं. बदली गोलकीपरनं चार गोल खाल्ले.

पुढच्या महिन्यात सर पॅरोलवर आठ दिवस घरी आले, शहरातल्या वाडी भागात. मी इथला ओलसर बटाट्याचा लीलो चिवडा घेऊन निघालो. माझं प्रेम काही आटलं नव्हतं. फक्त समितीचा माणूस तिथं दिसू नये म्हणून स्कूटर दोन गल्ल्या अलीकडे लावली आणि उन्हाचं निमित्त करून तोंडाला रुमाल गुंडाळला.

दार उघडलं गोलकीपरनं. तो गालातल्या गालात हसला आणि चहा टाकायला गेला. सरांनी अंतिम सामन्याचं विचारलं. मीच बंदी घातली हे मला सांगावं लागलं. सर चिवडा खात राहिले. मला तिथं बसवेना.

निघालो तर तोही बाहेर आला. त्याची मोटरसायकल उघड्यावर, सरांच्या दाराशीच उभी होती.

“बसा काका, स्कूटरपर्यंत सोडतो,” तो म्हणाला. “आणि रुमाल बांधून घ्या. माझ्याबरोबर कोणी बघेल.”