पाठमोरी बाई ओळखू येत नाही

हे सगळं, पहिल्यापासून, मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, स्टुडिओत माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसून वर्षानुवर्षं अल्बम चिकटवणाऱ्या सख्ख्या भावाला नाही. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही — आणि ओळखणं, न ओळखणं, यावरच तर सगळं आहे.

तुम्ही म्हणाल, फोटोग्राफर माणसाचं पाप ते काय असणार? फार तर नवरीला चार छटा गोरं केलं असेल. ते तर रोजच करतो. ते पाप धरायचं ठरवलं तर आमच्या धंदेवाल्यांना नरकात जागा पुरायची नाही. नाही, हे तसलं नव्हे.

माझा स्टुडिओ चाकूरला आहे. लग्नाचे फोटो काढायचे, बारशाचे काढायचे, आधारकार्डासाठी आलेल्या म्हाताऱ्याच्या शर्टाचं वरचं बटण लावून द्यायचं — हा माझा धंदा. आणि मग तो दुष्काळ आला. तुम्हाला वाटेल, दुष्काळाचा फोटोग्राफरशी काय संबंध? अहो, पाणीच नाही तर मांडव कोण घालणार? पाहुण्यांच्या अंघोळीला टँकर आणायचा का? त्या उन्हाळ्यात लग्नं पुढं ढकलली गेली, आणि मी कॅमेरा पुसत बसलो.

नांदेडच्या एका मित्रानं तेव्हा इंटरनेटवर फोटो विकायचं शिकवलं. आपण आपला फोटो एका साइटवर टाकायचा. जगात कुणालाही लागला तर त्यानं तो घ्यायचा, आणि पुस्तकात, जाहिरातीत, वाटेल तिथं लावायचा. कुठं लावला ते आपल्याला कळतही नाही. मी उत्साहानं कंधारचा किल्ला टाकला. लोह्याच्या बाजारातले बैल टाकले. एकही खपला नाही. परदेशातल्या माणसाला लोह्याच्या बैलाचं काय कौतुक? खपायचा तो दुष्काळच. भेगा पडलेली जमीन, कोरडी विहीर, हंडे. जे आमच्या घरापुढं फुकट पडलं होतं, तेच नेमकं लोकांना हवं होतं.

पण साइटचा एक नियम होता. फोटोत माणूस असला तर त्याची सही घेतलेलं संमतीपत्र लागायचं — मॉडेल रिलीज म्हणतात त्याला. चेहरा दिसत नसेल, माणूस पाठमोरा असेल, तर चालायचं. फक्त एका प्रश्नाचं उत्तर द्यावं लागे: या फोटोतला माणूस ओळखू येतो का? आणि खाली बारीक अक्षरात खुलासा होता, की तुम्हाला ओळखू येतो का असं नव्हे. त्याला स्वतःला, किंवा त्याच्या माणसांना, कपड्यांवरून, दागिन्यांवरून, चालण्यावरून ओळखू येईल का? माझं इंग्रजी कच्चं आहे, ते वाक्य डोक्यावरून गेलं असं सांगायची सोय आहे. पण मी ते वाचलं होतं. मला ते कळलंही होतं.

एका दुपारी मी तलावाच्या बांधावर उभा होतो. तलाव कसला — मातीचं मैदान. त्यातून बायका रांगेनं टँकरच्या दिशेनं चालल्या होत्या. मी लांबची लेन्स लावली. शेवटच्या बाईनं पदर कमरेला खोचला होता, डोक्यावर हंडा, आणि चोळीच्या पाठीवर, बरोबर मधोमध, हिरव्या खणाचं तळहाताएवढं ठिगळ. लुगडं मातीच्या रंगाचं, जमीन मातीच्या रंगाची, आभाळसुद्धा मळकट. त्या अख्ख्या फोटोत हिरवं काय ते तेवढंच. इतका चांगला फोटो मी आधी कधी काढला नव्हता आणि नंतरही नाही.

त्या बाईचं नाव महानंदाबाई. हो — नाव मला माहीत होतं. त्याच्या दोन वर्षं आधी त्यांच्या थोरल्या मुलीच्या लग्नाचे फोटो मीच काढले होते. लिंगायत घर, मोठं अंगण, दोन भावांचे दोन संसार आणि चूल एक. त्या लग्नात तीन दिवस मी महानंदाबाईंच्या मागंमागं फिरलो होतो. डावा खांदा किंचित खाली टाकून चालायची त्यांची लकब होती. बांधावरून लेन्समध्ये बघताक्षणी मी मनात म्हणालो, अरे, ह्या तर महानंदाबाई.

आणि घरी येऊन ‘ओळखू येतो का?’ या प्रश्नापुढं मी ‘नाही’वर टिचकी मारली.

विचारायला काय झालं होतं? घर माहीत होतं, चहा मिळाला असता. पण विचारलं असतं तर त्या म्हणाल्या असत्या, ‘अवं, फाटक्या चोळीत कशाला काढता, थांबा, नवं लुगडं नेसून येते.’ आणि नव्या लुगड्यात दुष्काळ दिसत नाही. बरं, ते ठिगळ कॉम्प्युटरवर पुसून टाकणं माझ्या हातचा मळ होता. नवरीच्या तोंडावरचे फोड पुसणारा माणूस मी! पण पुसलं नाही. ठिगळ गेलं असतं तर फोटो गेला असता.

हे वाईटच. पण मी सांगायला बसलो ते हे नव्हे. हे सांगताना जीभ अडत नाही, यावरूनच मला कळतं, की खरं पुढं आहे.

त्याच सुमारास आमच्याकडं नव्या जिल्ह्याची हवा होती. लातूर मोठं झालं, आता त्यातून नवा जिल्हा निघणार. आज होणार, उद्या होणार. जिथं कचेऱ्या येणार म्हणत, तिथं माळावर चुन्याच्या रेघा मारून प्लॉट विकणारे उगवले. अशाच एकानं चाकूरच्या स्टँडसमोर मोठा बोर्ड लावला. बोर्डावर मी काढलेला तोच ठिगळाचा फोटो, साइटवरून घेतलेला. वर अक्षरं — ‘अशा घरात लेक देणार? नव्या जिल्ह्यात प्लॉट घ्या, चोवीस तास पाणी.’

खरं सांगू? तो बोर्ड बघून मला आधी आनंद झाला. माझा फोटो, आणि दुमजली घराएवढा! लाज नंतर आली. आधी छाती फुगली.

महानंदाबाईंच्या मुलाचं लग्न तेव्हा जुळत आलं होतं. उदगीरकडचे पाहुणे घर बघायला आले. स्टँडवर उतरले तेव्हा बोर्ड त्यांच्या नजरेस पडला होताच. चहा घेताना एका पाहुण्यानं सहज त्याचा विषय काढला. आणि महानंदाबाईंची धाकटी जाऊ, सुमित्रा — ती बिचारी भोळी, आपल्या माणसाचा फोटो एवढा मोठा लागला याचं तिला अप्रूप — म्हणाली, ‘अवं, ती आमची अक्काच हाय की! ते ठिगळ म्या लावलंय माझ्या हातानं.’

पाहुण्यांनी एकमेकांकडं बघितलं. चहा प्यायला, उठले, आणि चार दिवसांनी निरोप आला की पत्रिका जुळत नाही. आता तुम्हीच सांगा — लिंगायत घरात पाहुणे घर बघायला येतात, ते पत्रिका न बघता येतात का? ती जुळूनच आले होते. पाणी नसलेल्या घरात, जिच्या हालांचा बोर्ड गावभर लागलाय त्या सासूच्या हाताखाली, लेक द्यायला ते धजले नाहीत, एवढंच.

हे सगळं मला महानंदाबाईंकडूनच कळलं. त्या माझ्या स्टुडिओत आल्या, मुलाच्या मोबाईलवर बोर्डाचा फोटो घेऊन. मी तो काढलाय हे त्यांच्या गावीही नव्हतं. लेकीच्या लग्नातला फोटोवाला, फोटोतलं कळणारा माणूस, म्हणून त्या माझ्याकडं आल्या होत्या. स्टुलावर टेकल्या आणि म्हणाल्या, ‘दादा, तुमी जाणते. नीट बघून सांगा. ही म्या हाय का? मला माझी पाठ कुठं दिसायलीय? ठिगळ माझ्यावानी दिसतंय, पर ठिगळं काय सगळ्यांच्याच चोळीला हायती. सुमित्रा म्हणती, तूच. म्या म्हणते, असंल तर असंल — पर ती खरं बोलली का माझ्या पोराचं मोडायला बोलली, एवढं मला कळाया पायजे.’

बघा. त्या फोटोचं विचारतच नव्हत्या. जावेचं विचारत होत्या.

आणि मी? चोराच्या मनात चांदणं. मला वाटलं, हो म्हटलं की पुढचा प्रश्न, कुणी काढला? मग त्यांचा नवरा येईल, दीर येईल, अख्खं गाव स्टुडिओपुढं उभं राहील. मी फोटो कॉम्प्युटरवर घेतला. मोठा केला. खांद्याला माऊसनं रेघा मारल्या. भिंग काढून डोळ्याला लावलं, ज्याची काडीमात्र गरज नव्हती. आणि म्हणालो, ‘छे हो मावशी. ही बाई आपल्याकडची नाहीच. हंडा बघा की, ही राजस्थानकडची धाटणी. असले फोटो तिकडून विकत येतात.’

हेच ते. हीच ती गोष्ट. जिला मी पाठमोरी, लांबून, दुपारच्या उन्हात ओळखलं होतं, तिला समोर बसवून मी सांगितलं की ती तू नव्हेस.

 त्यांना ‘नाही’ हवं होतं का? थोडं हवं असेलही. बोर्डावरची ती बाई आपण नव्हे हे ऐकायला कुणाला आवडणार नाही? पण त्या ‘नाही’ची दुसरी बाजू त्यांच्या लगेच लक्षात आली, मला ती तेव्हा दिसली नाही — की दिसून मी न दिसल्यासारखं केलं? त्यांचा चेहरा उतरला. ‘म्हंजी सुमित्रानं मुद्दाम केलं,’ त्या म्हणाल्या, आणि पदर सावरून निघाल्या. मी त्यांना पायरीपर्यंत पोचवायला गेलो. केवढा तो आदर!

जिल्हा काही झाला नाही. बोर्ड वाऱ्यानं फाटून खाली आला. पुढच्या पावसानं तलावही भरला. फोटो मी साइटवरून काढून टाकला, पण गेलेला फोटो कुठून कुठून परत गोळा करणार? आणि त्या घरात अंगणाच्या मधोमध भिंत उभी राहिली. दोन चुली झाल्या. सुमित्रानं म्हणे महादेवाच्या देवळात शपथ घेतली की ठिगळ मीच लावलंय. महानंदाबाईंनी उत्तर दिलं की जाणत्या फोटोवाल्यानं भिंग लावून सांगितलंय. माझ्या भिंगापुढं देवळातली शपथ खोटी ठरली. त्या दोघी एका ताटात जेवणाऱ्या. वर्षामागून वर्षं एकमेकींशी बोलल्या नाहीत. मुलाचं लग्न पुढं दुसरीकडं झालं, त्यात सुमित्रा नव्हती. मी होतो, कॅमेरा घेऊन. खरंच होतो.

मागच्या वर्षी सुमित्राच्या मुलीचं लग्न ठरलं. हळदीच्या दिवशी मी गेलो. त्यांच्या घरात हळदीचा पहिला हात घरातल्या थोरलीचा असतो. वाटी भरलेली, पोरगी पाटावर बसलेली, आणि सुमित्रा उगीच इकडची भांडी तिकडं करत होती. कुणीतरी म्हणालं, लाव की तूच. ती म्हणाली, ‘माझा हात न्हाई चालायचा.’ आणि त्या पोरीनं भिंतीकडं बघितलं. मी कॅमेरा डोळ्याला लावला होता. तो क्षण टिपण्यासारखा होता. माझ्या हातून बटण दाबलं गेलं नाही.

कॅमेरा बाजेवर ठेवला आणि भिंतीला वळसा घालून पलीकडं गेलो. महानंदाबाई एकट्याच जोंधळे निवडत बसल्या होत्या. मी उभ्यानंच सांगितलं. फोटो मी काढला. तुम्ही आहात. ठिगळ तुमच्या जावेनंच लावलेलं आहे. मी खोटं बोललो. एवढंच, आणखी काही तोंडातून निघालं नाही, आणि निघालं असतं तर ती सबबच झाली असती.

त्यांनी सुपावरून मान वर केली. ‘तवा वळखलं व्हतं मला?’

‘हो.’

‘फोटो काढतानाच?’

‘हो.’

 त्यांनी सूप खाली ठेवलं, हात झाडले, आणि माझ्या अंगावरून पलीकडं गेल्या. मी मागं मागं गेलो, पण दाराशीच थांबलो. सुमित्रा त्यांना बघून उभी राहिली. महानंदाबाई सगळ्यांदेखत म्हणाल्या, ‘तू खरी व्हतीस.’ आणि माझ्याकडं बोट दाखवून, काय झालं ते सांगितलं. सुमित्रा रडली नाही की भांडली नाही. तिनं फक्त वाटी पुढं केली. ‘हळद वाळायलीय, अक्का.’

उरलेले फोटो मी काढले. कुणी मला हाकललं नाही, कुणी बोललंही नाही. छातीवरचा धोंडा कुणीतरी उचलून नेला होता, आणि त्या सगळ्यांच्या नजरा अंगावर घेतानाही मला तेच जाणवत होतं. आमच्याकडं लग्नघरी पहिल्या पंगतीला आवाज येतो, ‘फोटोवाल्याला बसवा रे.’ त्या दिवशी पहिली पंगत उठली, दुसरी उठली, तिसरी उठली. आवाज आला नाही. मी बॅग भरली आणि निघालो.

घरी बायकोनं विचारलं, ‘जेवूनच आला असाल?’

‘नाही,’ मी म्हणालो. ‘बोलावलं नाही कुणी.’

लग्नघरून उपाशी, याचं तिला नवल वाटलं. तिनं ताट वाढलं, आणि मी पोटभर जेवलो.