तार बांधली होती, तंगूस निघाला

गंगाखेडला माझं मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे. बिघाड झाला की त्याला कारण असतंच, एवढ्या एका विश्वासावर माझं पोट चालतं. भूत, बाधा, उतारा... कुणी असलं बोलायला लागलं की मी उठून जायचो. त्यामुळं हे लिहिताना जरा लाजच वाटतेय. पण मागच्या उन्हाळ्यापासून डोक्यात अडकून बसलंय, म्हणून लिहितोय.

आमच्याकडं गोदावरीला गंगाच म्हणतात. माझा दोस्त दत्ता, त्याचं किराणा दुकान आहे. आम्हा दोघांना रात्री गंगेवर गळ टाकायचा नाद. रॉड वगैरे काही नाही, हातात दोरी आणि शेवटी गळ. उन्हाळ्यात पाणी आटून डोह उरतात, त्यात शिवडा असतो. मिशांचा, लांबडा मासा. दात असे की गळाजवळचा तंगूस, म्हणजे नायलॉनचा दोरा, कातरून पसार होतो. लागोपाठ दोनदा तसंच झालं होतं. म्हणून त्या शनिवारी माझ्या दुकानात आमचा वाद चाललेला – गळाच्या वर वीतभर काय बांधायचं?

"जाड तंगूस लाव," दत्ता म्हणाला. "तार चमकती. मासा लय हुशार असतो, तोंड लावत न्हाई."

"अंधारात काय चमकणार? स्टीलची तार लावतो. कातर म्हणावं आता."

तार मी घरी बांधली. बायकोनं, सवितानं, पकडीनं तुकडा तोडून दिला. मी दोन्ही टोकांना पीळ भरून वर सोल्डरिंग केलं.

"मासा धरायलाव का म्हैस?" सविता म्हणाली. हे मुद्दाम सांगतोय... तार बांधलेली तिनंही पाहिली होती.

रात्री दहाच्या सुमारास डोहावर पोचलो. दत्तानं त्याचा गळ टाकला. मी माझ्या गळाला कोंबडीचं काळीज लावलं. तेव्हाही तार जागेवर होती, बोटांना लागली. मग आठवलं, बॅटरी बाईकलाच राहिली. गळ पिशवीवर ठेवून वर रस्त्याला गेलो, बॅटरी घेऊन आलो. दहा मिनिटं लागली असतील. आल्यावर न बघताच गळ पाण्यात फेकला, आणि दोरीचे दोन वेढे मनगटाला घेतले. हा मूर्खपणा माझाच.

थोड्या वेळानं ओढ लागली. मासा झटके देतो, थांबतो, पुन्हा पळतो. हे तसं नव्हतं. एकसारखं, सावकाश ओढणं... जसं कुणी विहिरीतून बादली शेंदतंय. मी गुडघाभर पाण्यात गेलो, मग कमरेएवढ्या. पाय वाळूत रोवले तरी सरकतच होतो.

"सोड! दोरी सोड की!" दत्ता ओरडला.

"सुटंना!"

त्यानं उडी मारून माझी कॉलर धरली. दोघंही पुढं घसरायला लागलो. पाणी छातीला आलं. आणि फट्कन काहीतरी तुटलं. आम्ही मागं पडलो. मनगटावर रक्ताचं कडं उमटलं होतं.

काठावर येऊन बॅटरीच्या उजेडात दोरी ओढून बघितली. तार नव्हतीच. तिच्या जागी पोरं चिंगळ्या, म्हणजे बारके मासे, धरायला वापरतात तसला बारीक तंगूस, मध्ये तुटलेला. वर साधी गाठ. सोल्डरचा डागही नाही.

त्या वेळी मला जीव वाचल्याचं काही वाटलं नाही. मोठा मासा गेला, एवढंच डोक्यात.

"तूच बदललीस तार," मी म्हणालो. "स्वतःचं खरं करायला."

"मी हातबी लावला न्हाई."

"मग इथं तिसरं कोण आहे? खोटारडा साला!"

दत्तानं पाण्यातला त्याचा गळ ओढून घेतला. मग सामान उचलून चालत निघून गेला.

सकाळी परत डोहावर गेलो. उजेडात दिसलं – मी जिथं छातीभर पाण्यात होतो, तिथून दोनच पावलांवर वाळू उपसलेला खड्डा. बांबू टाकून बघितला, तळ लागला नाही. मला पोहता येत नाही. तार असती तर...

तसाच दत्ताच्या दुकानावर गेलो. म्हणालो, "तार काढलीस म्हणून वाचलो रे. माफ कर."

"मी काढली न्हाई," एवढंच बोलून तो गिऱ्हाईकाची साखर मोजायला लागला. पुढं चार महिने आमचं बोलणं बंद.

मग एका दोस्ताच्या पोरीच्या लग्नाहून परतताना चुडाव्याच्या स्टेशनात आम्ही दोघंच एका बाकावर. गाडी लेट. आधी दत्ताच बोलला.

"तार तूच काढलीस."

"मी?"

"पिशवीजवळ बसला होतास, खाली मान घालून. मी इचारलं, काय करायलास? तू म्हणलास, तार नको."

"अरे, मी बॅटरी आणायला वर गेलतो!"

"तेच तर." त्याचा आवाज बारीक झाला. "तू तिथं बसलेला, आन् वरनं बॅटरीचा उजेड हालत येताना दिसला. कोण यायलंय म्हणून तिकडं बघितलं. परत वळलो तर पिशवीजवळ कुणीच न्हाई. आन् बॅटरी घेऊन तू आलास."

"तेव्हाच का नाही सांगितलंस?"

"सांगणारच होतो. तू खोटारडा म्हणलास."

"आवाज कुणाचा होता?"

"तुझाच."

तेवढ्यात गाडी आली. आम्ही शेजारी बसून गंगाखेडला आलो.

मी सगळे हिशोब करून बघितले. दत्ताला डुलकी लागली असेल? पण मग तार कुणी काढली? दत्तानंच काढली असेल? तो खोटं बोलत नाही, हे मी शाळेपासून जाणतो. मीच काढून विसरलो म्हणावं, तर बॅटरी आणायला गेलो होतो तो कोण? आणि माझ्याकडं पकड नसताना सोल्डर केलेली तार सुटली कशी? सविता म्हणते, "घरी आलाव ना? मग इचारू नका." पण ती हल्ली मला हाक मारल्यावर क्षणभर चेहरा निरखून बघते, हे माझ्या लक्षात आलंय.

दत्ता आता पहिल्यासारखा दुकानावर येतो, चहा पितो. कधी कधी वाटतं, त्या रात्री त्यानं त्या बसलेल्या माणसाला आणखी काहीतरी विचारायला पाहिजे होतं. काय विचारायचं होतं, ते मात्र मला अजून सुचत नाही.