खुंटीवरची जळकी तार

मी बारावीला कधीच नापास झालो नाही. हे वाक्य आजवर कुणाजवळ बोललेलो नाही. शहापूर-मुरबाडकडच्या ज्या मुलामुलींनी गेल्या सोळा वर्षांत माझं व्याख्यान ऐकलं असेल, त्यांना हे वाचून नवल वाटेल. कारण माझी सुरुवातच असते, "मुलांनो, मी बारावीला नापास झालेला माणूस आहे." नापास झाला होता तो माझा मित्र जनार्दन. मुरबाडपुढच्या वैशाखरे गावचा, विहिरीवरच्या जळालेल्या मोटारींत नवी तार भरून देणारा. तो गेला, त्याला आता दीड महिना होत आला.

बातमी आली तेव्हा मी स्टेजवर होतो. शहापूर तालुक्यातल्या एका कॉलेजात बारावीचा निरोप समारंभ चालू होता. खिशातला फोन थरथरला, 'जना मोटार' असं नाव दिसलं, म्हणून मान खाली घालून उचलला. पलीकडे त्याचा शेजारी होता. "सर, जनादादा गेला. सकाळी शटर वर केला नि तिथंच बसला... उठलाच नाय." तेवढ्यात माइकवरून माझं नाव पुकारलं गेलं. मी उठलो. आज बोलता येणार नाही, एवढं म्हणालो असतो तरी कुणी वाईट म्हटलं नसतं. पण पाय माइककडे गेले आणि तोंडातून नेहमीचंच वाक्य आलं. टाळ्याही नेहमीच्याच जागी पडल्या. मग निघालो. मुरबाड ओलांडून वैशाखऱ्याला पोचलो तोवर लोक स्मशानातून परतायला लागले होते.

मुरबाडच्या वसतिगृहात आम्ही दोन वर्षं एका खोलीत काढली. मी डोळखांबकडचा, अबोल, तो बडबड्या. निकालाच्या दिवशी मी पास झालो आणि तो गणितात गेला. मलाच रडू फुटलं, तर तो म्हणाला, "अरे, नापास मी झालोय ना? मंग तू कशाला रडतो? मला रडायला काय ठेवशील का नाय?" पुढं मी डी.एड.ला गेलो आणि त्याच्या वडिलांनी त्याला मुरबाडच्या एका मोटार भरणाऱ्याकडे कामाला ठेवलं.

तिथं त्याच्या हातून जी चूक झाली, तिच्यावर माझी सोळा वर्षं निघाली. एका भेंडीवाल्या शेतकऱ्याची मोटार आली होती. दुकानाचा मालक बाहेरगावी. जनाला वाटलं, तो येईपर्यंत साफ करून ठेवू, शाबासकी मिळेल. त्यानं आतली जळालेली तार तोडून, ओरबाडून काढली आणि मोटार घासूनपुसून लख्ख केली. मालक आला, बघितलं आणि एकच विचारलं, "वेढे किती होते?" जनानं ते मोजलेच नव्हते. जुन्या तारेचे जेवढे वेढे, तेवढेच नव्या तारेचे द्यायचे असतात. जुनी तार मोजल्याशिवाय काढली तर मोटार कशाच्या हिशेबानं भरणार? मालक ओरडला नाही. तुटक्या तारेचा तो काळा गुंता त्याच्या हातात देऊन म्हणाला, "जळलेलं टाकायच्या आधी मोजायचं असतं, पोरा. काय जळलं ते मोजलंस, तरच नवं उभं राहतं."

जनानं दोन दिवस ते तुकडे लावून बघितले. लागले नाहीत. इकडं शेतकऱ्याची भेंडी माना टाकायला लागली. तेव्हा हा गडी कुणी न सांगता त्याच्या मळ्यावर गेला. दुसरी मोटार मिळेपर्यंत आठवडाभर ओढ्यावरून डबे भरभरून भेंडीला पाणी घालत राहिला. त्याचे खांदे सोलवटलेले मी स्वतः पाहिलेत. त्या तारेचा गुंता त्यानं भंगारात घातला नाही. पुढं वैशाखऱ्याला स्वतःचं दुकान टाकलं, तेव्हा सगळ्यात आधी तो खुंटीला लावला.

मी शिक्षक झालो. एकदा कॉलेजच्या मुलांपुढं बोलायचा प्रसंग आला. "माझा एक मित्र होता," अशी सुरुवात केली, तर मागची मुलं फोनमध्ये बघायला लागली. त्यांचं तरी काय चुकलं? आजूबाजूला गोदामं उठतायत, नवा रस्ता झालाय, शेत विकून आलेली गाडी दारात उभी आहे आणि हातातलं काम वर्षभर टिकेल याची खात्री नाही. अशा वयात कुणाच्या मित्राचं काय ऐकायचं? पुढच्या वेळी मी 'मित्र' काढून 'मी' घातलं. मागच्या मुलांचेही फोन खाली गेले. शेवटी एक मुलगा जवळ येऊन रडला. त्याच्या पाठीवर हात ठेवताना मी स्वतःला समजावलं, पोराचं भलं होतंय ना, मग कुणाची का गोष्ट असेना... त्यानंतर तो 'मी' निघालाच नाही. निमंत्रणपत्रिकेवरही माझ्या नावापुढं 'बारावी नापास' छापून यायला लागलं. तीच तार आजही माझ्या घरी खुंटीला आहे, असंही मी सांगू लागलो. भेंडीला पाणी घालायचा भाग मात्र लवकरच गाळला. लांबत होता, आणि टाळ्या त्याच्या आधीच पडून जायच्या.

जनाला हे कळलं तो दिवस मला लख्ख आठवतो. मुरबाडच्या एका कॉलेजात माझं बोलणं ऐन रंगात आलं असताना मागच्या दाराशी तो दिसला. पाण्याच्या टाकीचा पंप दुरुस्त करायला आला होता. हातात पक्कड, खांद्यावर वायर. शेवटपर्यंत उभा राहून ऐकलं. माझी जीभ अडखळली, पण थांबली नाही. नंतर बाहेर चहाच्या टपरीवर गाठलं त्यानं मला. आता काय ऐकावं लागणार, म्हणून मी ग्लासात बघत बसलो.

"मास्तर, बोलतो बरा तू," तो म्हणाला. "पण एक चुकतंय तुझं."

मी ग्लास फळीवर ठेवला.

"तू सांगतो, वेढे सोडत सोडत मोजायचे. जळलेली तार सुटते कुठं? वार्निशनं चिकटून दगड झालेली असते. एका अंगानं कापायची नि टोकं मोजायची. पोरांना चुकीचं नको सांगू, एखादा खरंच शिकायला जाईल."

बस, एवढंच. चहा पिऊन, पंपाचं झाकण लावायचं राहिलंय म्हणत तो निघून गेला. आणि मी काय केलं? पुढच्या व्याख्यानापासून टोकं मोजायला लागलो. त्याची दुरुस्ती घेतली, त्याचं नाव नाही घेतलं. तो पुन्हा कधी त्यावर बोलला नाही. भेटलो की विचारायचा, "काय रे, मोटार चालू हाय ना तुझी?" आणि हसायचा. त्या हसण्यात टोमणा होता की माया, हे आता कुणाला विचारू?

तेराव्याला गेलो होतो. त्याची मुलगी मनीषा दुकानात घेऊन गेली. बारावीला ती एकदा अडकली होती, आता नर्सिंगला आहे. म्हणाली, "सर, मी परत परीक्षेला बसले ती तुमच्यामुळं. आमच्या कॉलेजात आलेला ना तुमी? घरी येऊन मी बाबांना नको ते बोलले. म्हटलं, ते सर नापास होऊन कुठं पोचले बघा, नि तुमी आयुष्यभर काळेच हात घेऊन बसलाव."

"मग? काय म्हणाला तो?"

"हसले. म्हणाले, मास्तर मोठाच हाय गो. तू ऐक त्याचं."

मग तिनं खुंटीकडे बोट केलं. "ही तार मी लहानपणापासून बघते. बाबांना विचारलं की म्हणायचे, एका नापास पोराची हाय. भाषणात तुमी ती घरी हाय म्हणालाव, पण ही तुमचीच ना?"

तिचे डोळे सुजलेले होते. समोर त्याची पक्कड, त्याची अर्धवट भरलेली मोटार. एवढी मोकळी वाट मला पुन्हा कधी मिळणार नव्हती... आणि मी म्हणालो, "हो."

तिनं स्टुलावर चढून तार काढली, ओढणीनं पुसली आणि माझ्या हातात दिली. "मग घेऊन जा सर. तुमची वस्तू तुमच्याकडं गेलेली बरी."

आता ती तार आटगावला माझ्या घरी आहे. सोळा वर्षं जे खोटं सांगत होतो, तेवढं एक खरं झालं. खुंटीला मात्र लावलेली नाही. कपाटात, वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवली आहे. तिला वार्निशचा वास अजून आहे. पोरांना मी शिकवत राहिलो की जळलेलं मोजा. ते सोपं होतं. हे लिहितोय तेही मोजणंच आहे. मोजून झाल्यावर ओढ्यावरून डबे आणावे लागतात, हा भाग जनाला ठाऊक होता आणि मी तो गाळला होता. त्यामुळे हा लेख छापून आला म्हणून मी सुटलो असं होणार नाही.

वैशाखऱ्याला जायचं आहे. तार तिच्या खुंटीला परत लावायची आहे. आणि मनीषाला समोर बसवून सांगायचं आहे, की तो नापास पोरगा तुझा बाप होता. एवढं माझ्याकडून राहिलं आहे.