मामंजींची डबल रोटी
नांदेडात सून म्हणून आले तेव्हा मला फक्त भाकरी येत होती. पण ती अशी, की लातूरला मी तवा ठेवला रे ठेवला, शेजारची गाय दावं तोडून दारात हजर. इथं सासऱ्यांच्या पोटात मुरडा सुरू झाला आणि हकिमांचं फर्मान निघालं, "दुधात भिजवून डबल रोटी द्या." डबल रोटी म्हणजे पाव; पण बाजारच्या भट्टीवरची ती मामंजींच्या सोवळ्याला चालेना. म्हणजे ती घरात, सोवळ्यात, मीच भाजायची. सासूबाई कधीच गेलेल्या, आमचे हे किनवटला जंगलखात्यात. घरात मी, मामंजी आणि त्यांचा मुरडा.

तिकडं लातूरला माझ्या धाकट्या बहिणीचं लग्न ठरलं. मामंजी म्हणाले, "मला बरं वाटलं की खुशाल जा." मग काय, जिवाच्या करारानं शिकले.

पातेल्यात वाळू, वाळूवर डबा, झाकणावर निखारे. पहिली रोटी अशी झाली की गोदावरीच्या घाटाच्या निखळलेल्या पायरीच्या जागी ती बसवली. अजून लोक तिच्यावर धुणं आपटतात. दुसरीवर मांजरानं दात पाडून घेतले. तेव्हा परसाच्या भिंतीपलीकडून भट्टीवाल्याची बीबी हसली, "अगे बहू, शिंदी नईं डाले तो खाक फूलता क्या?" आणि भिंतीवरून लोटाभर शिंदी आली, ताडीसारखीच आंबलेली, नशेची. तुळशीकडं पाठ करून मी ती पिठात ओतली.

फुगली! झाकण निखाऱ्यांसकट आढ्याला जाऊन आलं.

त्या रोटीवर मामंजी असे सुधारले की नदीवर आंघोळीला जाताना टांग्याला मागं टाकायचे. पण मी माहेर म्हटलं की लगेच खाटेवर आडवे. "अजून पोटात कसंतरी होऊन राहिलंय, सूनबाई. आणखी एक लाव." पिठापासून उठायची सोय नाही, वारा लागला की ते बसतं. पीठ फुगायचं, भिंती जवळ यायच्या, आणि मधे मी.

शेवटी दादा सर्विस मोटारीनं न्यायला आला. तो विहिरीवर पाय धुवायला गेला तेवढ्यात मी मामंजींपुढं उभी राहिले.

"मामंजी, रोटीत शिंदी असते. बाटवलं मी तुम्हाला. आत्ताच्या आत्ता माहेरी घालवून द्या."

ते टुणकन उठून बसले. "पहिल्या घासालाच कळलं मला. जन्मभर कचेरीत पेशकारी केली, ती काय नाक बंद ठेवून?"

"मग?"

"औषधाला कसलं सोवळं! पण तुझ्या बहिणीच्या सासरी ही गोष्ट गेली, तर वऱ्हाड वेशीवरून माघारी फिरंल. सांगू का तुझ्या दादाला?"

"न्हाई."

"मग पीठ भिजव."

दादा आत आला तेव्हा मामंजी असे कण्हत होते की पिंपळावरचे कावळे पिंडाच्या आशेनं अंगणात उतरले. दादाच कळवळला, "अगं, यांना असं टाकून कशी येणार तू?" आणि एकटाच परतला.

मुहूर्ताच्या सकाळी मी पिठापुढं बसून होते. दादा ठेवून गेलेल्या अक्षता 'शुभमंगल सावधान' म्हणून पिठावरच टाकल्या आणि मळून घेतल्या.

जेवताना मामंजींच्या दाताखाली काहीतरी कडकन वाजलं. "हे काय गं?"

"धाकटीचं लग्न," मी म्हणाले. "चावून खा."